रकमधला गुडघा

नमस्कार मंडळी, आज रग्बीवर बोलूया, म्हणजे पूर्ण खेळावर नाही हां, टॅकल झालेला गडी खाली पडलाय, बॉल जमिनीवर आहे आणि दोन्हीकडचे लोक त्यावर तुटून पडतायत, तेवढ्याच दोन-तीन सेकंदांवर. बॉलवरच्या या झटापटीला रक म्हणतात. कबड्डी बघणाऱ्याला वाटेल पाय धरून ओढला की काम झालं, पण रग्बीत टॅकल करताना पाय धरलेले चालतात, बॉलवर वाकलेल्याच्या पायांवर मात्र जायचं नाही.

हा वाकलेला गडी म्हणजे जॅकलर. पाय फाकवलेले, कंबरेत मोडलेला, दोन्ही हात बॉलवर, मान उघडी, आणि समोरून शंभर-सव्वाशे किलोचं कोण येतंय ते त्याला धड दिसतही नाही. त्याला हटवायचं तर आपल्या बाजूने, मागून यायचं, हाताने बाइंड करायचं, म्हणजे घट्ट धरायचं, आणि मागे रेटायचं. हात अंगाशी ठेवून नुसता खांदा मारला, किंवा खांद्याच्या वर डोक्या-मानेला लागलं, की फाउल.

आता 2021 ची सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा संघांची स्पर्धा बघा. 7 फेब्रुवारीला कार्डिफमध्ये आयर्लंडच्या पीटर ओमाहोनीचा हात रकमध्ये वेल्सच्या टॉमस फ्रान्सिसच्या डोक्यावर बसला, पंधरा मिनिटंसुद्धा झाली नव्हती, सरळ रेड कार्ड, आयर्लंड उरलेली मॅच 14 जणांत खेळले आणि 21-16 हरले. पुढच्याच शनिवारी, 13 तारखेला, एडिंबरात स्कॉटलंडचा झँडर फॅगरसन अशाच क्लिअर-आउटला, म्हणजे रकमधून समोरच्याला हटवताना, बाहेर गेला आणि वेल्स एका पॉइंटने जिंकलं. दोन्ही कार्डं बरोबरच होती, माझ्या मते तरी.

पण त्याच दिवशी ट्विकनहॅमवर इंग्लंडचा जॅक विलिस बदली म्हणून आला, ट्राय मारला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले, आणि थोड्याच वेळात बॉलवर वाकलेला असताना इटलीच्या सेबॅस्टियन नेग्रीने त्याला वरून कवळा घालून बाजूला लोळवला. पाय तिथेच रुतलेला, अंग फिरलं, गुडघा गेला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, त्यामुळे त्याची किंकाळी टीव्हीवर स्पष्ट ऐकू आली, अंगावर काटा येतो अजून. पेनल्टी नाही, कार्ड नाही! नेग्रीला कशाला बोल लावायचा, तेव्हा हा क्रॉक रोल, म्हणजे असं धरून बाजूला लोळवणं, सर्रास चालायचा, मान सोडून बाकी कुठेही धरून फिरवा असाच सगळा कारभार होता.

आता रग्बीच्या नियम 9.20 मध्ये सरळ लिहिलंय, जॅकलरला उचकटून बाजूला काढा, पण त्याच्यावर वजन टाकायचं नाही आणि त्याच्या पायांना टार्गेट करायचं नाही. आणि क्रॉक रोलवर वर्ल्ड रग्बीची, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेची, बंदी लागू झाली ती 1 जुलै 2024 पासून, म्हणजे विलिसच्या गुडघ्यानंतर तीन वर्षांनी. उशीरच की हो.

काही जण म्हणतात मग चिकटून बसलेल्याला हलवायचं कसं? अहो, लवकर पोचा, खाली वाका, मागे ढकला! आणि दुसरं म्हणजे रेफरी. जॅकलर स्वतःच्या पायांवर आहे, हात बॉलवर आहेत, खालचा गडी बॉल सोडत नाहीये, तर लगेच शिट्टी मारा ना. थांबून बघत बसलात की दुसरा येऊन आदळतो, मग तिसरा, आणि तो बिचारा वाकलेलाच.