तळ नावाचं उंचावरचं गाव

समुद्रातून सरळ वर उठलेला हा हिरवागार डोंगर म्हणजे साबा बेट. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. कॅरिबियन म्हटलं की पांढऱ्या वाळूचे किनारे डोळ्यांपुढे येतात. ते इथे शोधू नका. वेल्स बेच्या कड्याखाली उन्हाळ्यात थोडी वाळू येते, तीही हिवाळ्यातल्या लाटा परत घेऊन जातात.

राजधानीचं नाव द बॉटम, म्हणजे तळ. आणि या तळाला पोचायला चढावं लागतं! गाव वसलंय डोंगरातल्या खोलगट जागेत. वाडग्यासाठीच्या जुन्या डच शब्दावरून हे नाव पडलं, असं सांगतात.

आता या पायऱ्या नीट बघा. कड्यात खोदलेल्या, सुमारे ८००. इथले लोक यांना 'द लॅडर' म्हणतात, शिडी. सतराव्या शतकात शेजारच्या सेंट युस्टेशियसहून डच वसाहतवाले आले, तेव्हापासून बेटावर लागणारं जवळजवळ सगळं माणसांनीच वर वाहिलं. डोक्यावर, खांद्यावर. पियानोसुद्धा.

पुरुष बोटींवर जायचे, महिनोन् महिने. मागे राहिलेल्या बायकांच्या हातात सुई आली. मेरी गर्ट्रूड जॉन्सन काराकसच्या कॉन्व्हेंटमध्ये एक कला शिकून आल्या: कापडातले काही धागे ओढून काढायचे, उरलेल्यांवर जाळी विणायची. हीच साबा लेस. ती टपालाने थेट अमेरिकेत विकली जायची.

आणि रस्ता? डच अभियंत्यांनी सांगितलं, इथे रस्ता होणं अशक्य. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल यांनी मग टपालानेच रस्तेबांधणीचा अभ्यासक्रम केला आणि १९३८ साली गावकऱ्यांना घेऊन कामाला लागले. यंत्रं नाहीत, सगळं हातांनी. १९४३ मध्ये किनाऱ्यावरच्या फोर्ट बेपासूनचा रस्ता द बॉटमला टेकला. बेटावर पहिली मोटार उतरली ती १९४७ साली. आजही त्या वळणांवर गाडीत बसलं की पोटात गोळा येतो.

वर माउंट सीनरी. शिखरापर्यंत १,०६४ पायऱ्या. अर्ध्यावरच ढग अंगाला लागतात, झाडांच्या खोडांवर शेवाळ ठिबकत असतं. खाली लाल छपरांची पांढरी घरं. बेटावर नदी नाही. पाऊस आला की छपरावरचं पाणी पन्हळीतून घराच्या टाक्यात उतरतं.

ऐका, पन्हळ वाजायला लागली.