खासबागेच्या भिंतीला लागून

[दृश्य: खाऊगल्ली, भेळेची गाडी, दिवे लागताहेत]

नऊचा प्रयोग. अजून अर्धा तास आहे, म्हणून भेळ. कोल्हापुरात नाटकाला जाणं इथूनच सुरू होतं, खासबागेच्या खाऊगल्लीतून. आत नारळ फुटायचाय, इथं चिरमुऱ्यांवर चिंचेचं पाणी पडलंसुद्धा.

[दृश्य: दगडी भिंत, कॅमेरा सावकाश मैदानाकडं]

ही भिंत जरा नीट बघा. अलीकडं नाट्यगृह, पलीकडं कुस्तीचं मैदान. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिलं आणि तसं काहीतरी आपल्या पैलवानांसाठी असावं, असं मनात धरून परतले. खासबाग मैदान १९१२ साली तयार झालं. पुढच्याच वर्षी शेजारी नाट्यगृहाचं काम निघालं, १९१५ साली ते उघडलं. नाव पॅलेस थिएटर. तांबड्या मातीच्या शेजारी रंगमंच, आणि दोन्हीकडं एकाच राजाचं लक्ष. एवढ्या जवळ आखाडा आणि नाटक दुसरीकडं कुठं नांदले असतील, तर आम्हाला दाखवा.

[दृश्य: रिकामं प्रेक्षागृह, वरच्या सज्जातून]

आत मधे खांब नाही. कुठंही बसा, नट दिसतो. आणि ऐकूही यायला हवा, कारण तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. आवाज नटानं छातीतून काढायचा आणि पुढचं काम वास्तूनं करायचं. आता कॉलरला माइक लावतात. लावोत बापडे.

[दृश्य: केशवरावांची तसबीर, ताजा हार]

पुढं या वास्तूला नाव मिळालं ते याच गावच्या पोराचं. केशवराव भोसले, जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच नाटक कंपनीत गेले आणि 'शारदा'तल्या भूमिकेनं गाजले. १९०८ साली स्वतःची 'ललितकलादर्श' काढली, तेव्हा वय सतराच्या पुढं नव्हतं. पल्लेदार, चढ्या पट्टीचा आवाज. पलीकडच्या मैदानात त्यांनी उघड्या आभाळाखाली 'मृच्छकटिक'चा प्रयोग केला आणि तिकीट न परवडणाऱ्यांनी तो पोटभर ऐकला, असं इथले जुने लोक सांगतात. जुलै १९२१मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्वांच्या भामिनीसमोर धैर्यधर उभा राहिला, तो हाच. तीनच महिन्यांत, ऑक्टोबरात, केशवराव गेले. वय एकतीस.

[दृश्य: रंगपट. आरशाभोवतीचे दिवे, पावडरचा डबा, इस्त्री केलेला सदरा]

हे चित्रीकरण आगीच्या आधीचं आहे.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री नाट्यगृह जळालं. छत, रंगमंच, खुर्च्या गेल्या. दगडी भिंती राहिल्या. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

[दृश्य: विंगेत नारळ, उदबत्ती, रंगमंचाच्या फळ्या जवळून]

या फळ्या बघा. नट रंगमंचावर जायच्या आधी वाकून हात लावतो, तो लाकडाला. फळीखाली पोकळी असते, पाऊल पडलं की ती बोलते. सिमेंटच्या कोब्यावर सतरंजी अंथरून हे होत नाही. म्हणून, पुन्हा बांधायचं तर होतं तस्सं, हा कोल्हापूरकरांचा हट्ट आम्हाला हट्ट वाटत नाही.

[दृश्य: तिसरी घंटा, प्रेक्षागृहातले दिवे मंदावतात, दार ओढून घेतलं जातं]

प्रयोग चित्रित करायला परवानगी नव्हती, ती मागायचीही नसते. त्यामुळं पुढचे अडीच तास कॅमेरा दाराबाहेर. आत हशा पिकला, तो एवढाच काय तो टिपता आला.

[आवाज: बंद दाराआडून हशा, मग टाळ्या]

[दृश्य: प्रयोगानंतरची गर्दी, एक आजी पायरीवर थांबून चप्पल घालतायत, नातू हात धरून उभा]

भेळवाला अजून गाडी झाकत नाही. त्याला नाटक कधी सुटतं ते बरोबर माहीत असतं.