काळ्या मातीतले जळके दाणे

नाशिकची मातीची गढी आणि प्रवरेकाठचं जोर्वे ही दोन्ही ठिकाणं पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये खणली. खापरं आणि हत्यारं नीट जमा झाली. माती पाण्यात धुऊन जळके दाणे वेगळे करण्याची फ्लोटेशन पद्धत मात्र पुरातत्त्वात रुळली ती १९६० च्या दशकात. त्यामुळे जुन्या अहवालात धान्य नाही म्हणजे गावात धान्य नव्हतं, असं वाचू नका.

आपल्या हवेत साधा दाणा कुजून जातो, जळून कोळसा झालेला टिकतो. तो पाण्यावर तरंगतो, सगळी युक्ती एवढ्यावरच आहे.

प्रत्येक चूल, खड्डा, थर यांची माती वेगळी घ्या, साधारण २० लिटर. वजन ओलीप्रमाणे बदलतं, म्हणून आकारमान मोजा. पुढे दर लिटरला किती दाणे हाच आकडा तुलनेला लागतो. बादलीत दोन-तीन लिटर माती घालून वर पाणी ओता, तळातून हलक्या हाताने ढवळा, चार-पाच सेकंद थांबा आणि वरचं पाणी पाव मिलिमीटरच्या जाळीवर ओता. काही तरंगेनासं होईपर्यंत हेच करा. खालचा गाळ एक मिलिमीटरच्या जाळीवर धुवा. मासळीचे काटे, मणी आणि माती भरून जड झालेले दाणे तिथे सापडतात. कालव्याचं किंवा नदीचं पाणी आधी मलमलीतून गाळून घ्या, नाहीतर आजचंच तणाचं बी नमुन्यात येतं.

आपली अडचण काळ्या मातीची. ओलसर ढेकूळ पाण्यात विरघळतच नाही, चिकट गोळा होऊन दाणे आत धरून ठेवतं. बोटांनी चोळलं की दाण्यांचा चुरा होतो. माती सावलीत पुरती वाळवा, वाळलेलं ढेकूळ पाण्यात आपोआप फुटतं. तरीही हट्टी राहिलं तर पाण्यात मूठभर खाण्याचा सोडा घाला आणि तशी नोंद पिशवीवर करा. काळ ठरवणाऱ्या प्रयोगशाळेला ते कळायला हवं. जाळीवरचा माल मलमलीत बांधून सावलीतच टांगा. उन्हात झटकन वाळला की दाणे तडकतात.

धुण्यात किती निसटतं हे तपासायला पन्नास खसखशीचे दाणे काळे होईतो भाजून एखाद्या नमुन्यात मिसळा. खसखस इथल्या जुन्या मातीत अपेक्षित नाही, म्हणून ती ओळखू येते. निम्मीच परत आली तर दोष बादलीत किंवा जाळीत शोधा.

वैशाखात या जमिनीला खोल भेगा पडतात. वर पाचट जाळलं असेल, तर कालचा जळका दाणाही तीन हजार वर्षांच्या थरात जाऊन बसतो. महत्त्वाचा दाणा असेल तर शेजारच्या कोळशाचा नव्हे, त्या दाण्याचाच कार्बन मोजून वय काढून घ्या. एएमएस या अगदी थोड्या नमुन्यावर कार्बन मोजणाऱ्या पद्धतीला गव्हाचा एक दाणा पुरतो.

तीळ, जवस विस्तवात फुटतात, म्हणून ते कमीच मिळणार. तणांचं बी मात्र फेकू नका. चुलीपाशी दाण्यांसोबत भुसा आणि तण असेल, तर धान्य अर्धवट साफ करून साठवलं असावं आणि पाखडणं-निवडणं रोज घरी होत असावं. नुसते स्वच्छ दाणे असतील, तर उफणणी बहुधा खळ्यावरच उरकलेली. ते खळं कुठे होतं हे भुशातल्या सिलिकाच्या कणांवरून शोधता येतं, पण त्याला बादली चालत नाही, सूक्ष्मदर्शक लागतो.