सॉकेटवर ४.७

घरी जुळवलेला हा व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) प्रीअँप, म्हणजे अँप्लिफायरच्या आधीचा टप्पा. चालू करून पाच मिनिटं झाली तरी आवाज मरगळलेला, आणि मागे सारखी घूंऽऽ. आत दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह आहेत. त्यांच्या हीटरला, म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट हवेत. सॉकेटवर मीटर दाखवतोय ४.७.

(६.३ असा अडनिडा आकडा मोटारीच्या बॅटरीतून आला. शिशाच्या बॅटरीचा एक सेल २.१ व्होल्टचा, असे तीन.)

आता दोन्ही व्हॉल्व्ह उपसून बघू. मीटरवर बरोबर ६.३! इथेच बरेच जण फसतात आणि नवे व्हॉल्व्ह आणायला लॅमिंग्टन रोड गाठतात. हीटर तपासायचा तो व्हॉल्व्ह बसवूनच. मीटरचं एक टोक चौथ्या-पाचव्या पिनच्या जोडावर, दुसरं नवव्यावर. शेजारच्या पहिल्या आणि सहाव्या पिनवर शेकडो व्होल्ट असू शकतात, तेव्हा एक हात खिशात.

सॉकेटची पिन काळवंडली असेल किंवा सोल्डर कच्चं असेल, तर बोर्डावर व्होल्टेज पूर्ण आणि सॉकेटवर कमी मिळतं. इथे दोन्हीकडे सारखंच. म्हणजे दुखणं मागे आहे.

मागे आहे ६.३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि एलएम३१७ (व्होल्टेज ठरावीक ठेवणारी चिप). हिशोब करा. एसीचं शिखर ८.९ व्होल्ट. ब्रिजमध्ये दीड-दोन गेले, उरले सात. त्यात ०.६ अँपिअर ओढले की दोन शिखरांच्या मध्ये व्होल्टेज आणखी दोनेक व्होल्टनी खाली बसतं. एलएम३१७ला मात्र बाहेर देतो त्याच्यापेक्षा दीड-दोन व्होल्ट जास्त आत लागतात. सेकंदाला शंभर वेळा तो बिचारा उपाशी राहतो. कमी व्होल्टेज आणि ती घूं, दोन्हींचं मूळ हेच.

मोठा कॅपॅसिटर किंवा शॉट्की (कमी व्होल्टेज खाणारे) डायोड लावून थोडं सावरतं, पण उन्हाळ्यात लाइन २१० वर आली की पुन्हा तेच. आम्ही ट्रान्सफॉर्मरच बदलला: ९ व्होल्ट, दीड अँपिअर. खरं तर पिळलेल्या वायरींतून सरळ एसी दिला असता तरी बहुतेक वेळा भागतं. डीसीचा हट्ट मालकांचा.

आता व्हॉल्व्ह बसवून सॉकेटवर ६.२८. घूं गेली. एलएम३१७ आता दोनेक वॅट उष्णता टाकतोय, म्हणून त्याला हा हीटसिंक. आणि एलएम३१७ व हीटसिंक यांच्या मध्ये अभ्रकाचा तुकडा ठेवायला विसरू नका.