डॅशबोर्डवर ओरखडे येतात कुठून?

मंडळी, डॅशबोर्ड जोरात घासला म्हणून ओरखडे पडले, असं आपण धरून चालतो. पण ओरखडतं ते फडकं नव्हे, त्याखाली सापडलेली धूळ. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात. ते क्वार्ट्झचे, कठीणपणाच्या मोह्स मापावर 7. मीटरवरचं पारदर्शक ॲक्रिलिक 3 च्या आसपास. कोरड्या फडक्याने ही धूळ दाबून ओढली, की पॉलिश पेपर फिरवल्यासारखंच झालं.

म्हणून धूळ आधी उचलायची, पुसायचं नंतर. दारं उघडी ठेवून एसीचा पंखा मिनिटभर पूर्ण वेगात सोडा, म्हणजे जाळीतली धूळ बाहेर येईल. मग गाडी बंद करून मऊ केसांचा ब्रश वरून खाली फिरवा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्यूमचा पाइप धरा. मेकअपचा नवा ब्रशही चालतो. केस धरून ठेवणारी पत्र्याची पट्टी असेल, तर तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळा. कित्येक ओरखडे त्या पट्टीचेच असतात.

डॅशबोर्डवर देव असेल तर हळदीकुंकू सांडलेलं असणारच. त्याला आधी पाणी अजिबात लावू नका. हळद ओली झाली की प्लॅस्टिकच्या खरबरीत पोतात रंग धरते. कोरडी असताना ब्रशने उचला. डाग पडलाच असेल, तर धुऊन गाडी काही दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

आता पुसणं. मायक्रोफायबरचं फडकं 300 जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) वरचं घ्या आणि त्याचं लेबल कापून टाका. दोनदा दुमडलं की आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की पुढची. लिटरभर पाण्यात अर्धा चमचा बेबी शाम्पू पुरे. पाणी आरओचं घ्या, बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात आणि मग माणूस ते घासत बसतो. स्प्रे डॅशबोर्डवर नाही, फडक्यावर मारायचा, नाहीतर पाणी बटणांच्या फटीत उतरतं. हात हलका ठेवून सरळ रेषेत पुसा. भर उन्हात तापलेल्या डॅशबोर्डला हात लावू नका. पाणी पुसायच्या आत वाळतं.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे गिअरभोवतीचं आणि स्क्रीनच्या कडेचं चकचकीत काळं प्लॅस्टिक, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात. शोरूममध्ये झकास दिसतं, पण माझ्या मते रोज वापरायच्या गाडीला ते शोभत नाही. त्याला कोरडं फडकं कधीच लावू नये. स्क्रीन बंद असताना नुसत्या ओलसर फडक्याने पुसावी. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा अल्कोहोल असलं, तर स्क्रीनवरचा थर खराब होऊ शकतो आणि मीटरच्या ॲक्रिलिकमध्ये केसासारख्या चिरा पडू शकतात. पांढरा ‘जादूचा’ स्पंज आणि टूथपेस्ट ही दोन्ही घासणारीच साधनं, तीही लांबच ठेवा.

सोसायटीत रोज गाडी पुसायला माणूस येत असेल, तर बॉनेटवरचं पिवळं फडकंच आत फिरतं. त्याला आतल्यासाठी वेगळ्या रंगाचं फडकं द्या. ते धुताना कम्फर्टसारखं कंडिशनर घालू नका. तंतूंवर थर बसतो आणि ते धूळ धरेनासं होतं.

डॅशबोर्ड चमकवायच्या सिलिकॉनच्या स्प्रेचा मोह टाळा. समोरच्या काचेत प्रतिबिंब पडतं आणि नवी धूळ चिकटते. एअरबॅगच्या झाकणावर तर काहीच चोपडू नका.

आधीच पडलेले ओरखडे? पियानो ब्लॅकवरचे बारीक ओरखडे प्लॅस्टिक पॉलिशने बरेच कमी होतात; मटारएवढं पॉलिश घ्या, आधी कोपऱ्यात करून बघा. खरबरीत प्लॅस्टिकला मात्र पॉलिश लावू नका. पोत झिजून तिथे गुळगुळीत चकाकता डाग उरतो, आणि तो ओरखड्यापेक्षा जास्त डोळ्यात खुपतो.