गुणगुण घालवा, अर्थिंग घालवू नका

मंडळी, गणपती जवळ आले की मंडळाचा ॲम्प्लिफायर बाहेर निघतो. लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून ‘हूंऽऽ’ सुरू. कोणीतरी थ्री-पिन प्लगची जाड पिन, म्हणजे अर्थची पिन, काढून टाकतो, आवाज थांबतो, काम झालं असं वाटतं. झालेलं असतं ते उलटंच. आता आतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटलं तर बॉडीवर 230 व्होल्ट येतात, आणि केबलच्या जाळीतून तेच माइकच्या धातूच्या जाळीवर, म्हणजे गाणाऱ्याच्या ओठांपाशी.

आधी आवाज कुठून येतो ते शोधा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. तरीही गुणगुण तेवढीच असेल तर दोष बहुधा ॲम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये आहे. फिल्टर कपॅसिटर उन्हाळ्याच्या उष्णतेत वाळतो, त्याचं डोकं फुगतं. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, 105 अंशांचा टाकून घ्या.

व्हॉल्यूमबरोबर गुणगुण वाढते का? मग लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर आवाज गेला तर बहुधा अर्थ लूप आहे. लॅपटॉप एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर. दोन्ही अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक, आणि तो प्रवाह केबलच्या जाळीतून वाहत 50 हर्ट्झचा सूर गाण्यात मिसळतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावा, पुष्कळदा एवढ्यानंच भागतं. नाही भागलं तर सिग्नलच्या वायरमध्ये 600 ओहमचा, 1:1 ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. तोडायचं असेल तर सिग्नलच्या बाजूनं तोडा, मेन्सच्या बाजूनं कधीच नाही.

ॲम्प्लिफायरच्या बॉडीला हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल, तर घरात अर्थच धड पोचत नसावा. आपल्या नागपूरची काळी माती उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. स्क्रूड्रायव्हरसारखा साधा टेस्टर हे सांगत नाही. नुसता मल्टिमीटरही फसवतो: फेज ते अर्थ 230 दाखवतो, पण भार पडला की खरं कळतं. इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून बघा. त्या वेळी घरातली बाकी उपकरणं प्लगमधून काढलेली हवीत, कारण अर्थ खराब असेल तर त्यांच्या बॉडीवर व्होल्टेज चढतं. आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडेलच. तिथे अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजणारं यंत्र, लागतो.

बल्ब लागलेला असताना 230 चे 220 झाले, म्हणजे सुमारे 0.42 एम्पिअरला 10 व्होल्ट गेले: अर्थचा रोध झाला साधारण 24 ओहम. आता हिशेब करा. कुलरच्या पंपातून फेज लोखंडी बॉडीला लागला, तर 230 भागिले 24, जेमतेम 10 एम्पिअर. 16 एम्पिअरचा एमसीबी, म्हणजे जादा करंटला वीज तोडणारा स्विच, त्याला पडत नाही, आणि ओल्या फरशीवर उभं राहून कुलरमध्ये पाणी भरणाऱ्याला तो धक्का बसतो. म्हणून 30 मिलिएम्पिअरचा आरसीसीबी हवाच. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

अर्थ सापडत नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थला जोडतार मारलेली दिसली तर आधी ती काढा. न्यूट्रल तुटला की अर्थ जोडलेल्या प्रत्येक वस्तूच्या बॉडीवर फेज येतो.

अर्थिंगच्या खड्ड्याकडे जा तेव्हा आधी पाइपावरचा, अर्थची वायर आवळणारा क्लॅम्प बघा. बऱ्याच वेळा अडीच मीटरचा जीआय पाइप ठणठणीत असतो, नट मात्र मिठानं खाल्लेला असतो. मेन बंद करा, पॉलिश पेपरनं घासा, नवा नट आवळा, वर ग्रीस लावा. मग खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता, दुसऱ्या दिवशी रोध पुन्हा मोजा.