पाण्याखाली काळी पट्टी नसते तेव्हा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या बाईने समुद्रावर बोलायचं म्हणजे जरा जास्तच होतं, मला कल्पना आहे. झिरो माईलपासून कुठल्याही बाजूला निघा, समुद्र दिसायला अख्खी रात्र ट्रेनमध्ये काढावी लागते. पण आपल्याकडे ट्रायथलॉनचं, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं अशा एकत्र रेसचं वेड चांगलंच वाढून राहिलंय. आपल्याच शहरातले डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका सायकलवर एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हापासून तर सायकलवाल्यांना काही बोलायची सोयच नाही. धावणारेही भरपूर आहेत. सगळ्यांचं अडतं ते पाण्यापाशी, म्हणून आज फक्त पाण्याबद्दल बोलते, बाकीचं उरकून टाकते.

गोव्यात मिरामार बीचवर २०१९ पासून जी आयर्नमॅन ७०.३ रेस होते तिच्यात १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं, सगळं मिळून ११३ किलोमीटर, म्हणजेच ७०.३ मैल, म्हणून नावात तो आकडा आहे. पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात, त्यात बाहेर नाही आलात तर सायकलला हात लावायचा नाही, सरळ घरी. आता १.९ किलोमीटर म्हणजे ५० मीटरच्या टँकमध्ये ३८ लांब्या, रोज टँकवर येणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही, ही रेस करेपर्यंत मलाही वाटलं नव्हतं.

पण टँकमध्ये खाली काळी पट्टी असते हो! आपण तिच्याकडे पाहून पाहून पोहतो, आणि ती पट्टी आपल्यासाठी किती काम करून राहिलीय हे ती नसते तेव्हाच कळतं. मिरामार म्हणजे मांडवीचं मुख, नदी तिथंच समुद्राला मिळते, त्यात नुकताच संपलेला पावसाळा, पाणी इतकं गढूळ की पुढे टाकलेला आपलाच हात कोपरापर्यंतच दिसतो. तळ नाही, पट्टी नाही, भिंत नाही. पाणी मात्र कोमट होतं. पाणी २४.५ अंशाच्या वर गेलं की वेटसूट (पाण्यात घालायचा घट्ट रबरी सूट) घालून वयोगटात नंबर लागत नाही, त्यामुळे तो घालायचा प्रश्नच नव्हता, आणि मे महिन्यात टाकीचं पाणी अंगावर घेणाऱ्या नागपूरकराला गरम पाण्याचं काय कौतुक!

सुरुवातीला थोड्या थोड्या लोकांना सोडतात. पहिल्या लाटांना छातीने अडवायला जायचं नाही, खाली बुडी मारून लाट डोक्यावरून जाऊ द्यायची, हे सरांनी सांगितलं होतं आणि ते जमलंही. त्याच्यापुढे खरं सुरू झालं. पुढच्या माणसाची टाच माझ्या गॉगलवर बसली, डाव्या काचेत पाणी शिरलं, मी तोंड उघडलं नेमकी तेव्हाच लाट आली आणि खारं पाणी थेट घशात, मग खोकला, मग श्वास घेते तर श्वासच पुरेना, अजून घेते, अजून पुरेना, छाती गच्च, आणि किनारा एकदम फार लांब दिसायला लागला. थकवा म्हणाल तर अजिबात नव्हता, हात मस्त चालत होते, पण डोकं म्हणून राहिलं होतं, परत चल.

मी हात वर केला. मदतीला छोट्या होडीत, म्हणजे कयाकमध्ये बसलेला पोरगा दोन वल्ह्यात जवळ आला. इथं एक सांगून ठेवते, बऱ्याच जणांना माहीत नसतं, कयाक किंवा बोया (रस्ता दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली मोठी खूण) धरून थांबलं तर रेसमधून बाद करत नाहीत, फक्त ते धरून पुढे सरकायचं नाही. मी कयाकचं टोक धरलं. तो म्हणाला, "ताई, श्वास घेऊ नका, सोडा. तोंड पाण्यात घाला आणि बुडबुडे काढा." मला वाटलं हा काय भलतंच सांगतोय, पण केलं, तीन-चार वेळा लांब फुंकर मारून छाती रिकामी केली आणि पुढचा श्वास आपोआप पोटापर्यंत गेला. घाबरलेला माणूस नुसता आत घेत सुटतो, आधीची हवा बाहेरच गेलेली नसते, मग नवीन मावणार कुठे? साधा हिशोब आहे, पण तिथं सुचत नाही.

हे हसण्यावारी नेऊ नका. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनचा १९८५ ते २०१६ असा अभ्यास झाला होता, त्यात अचानक मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अपघात मिळून १३५ केसेस सापडल्या, आणि त्यातल्या ९० पोहतानाच्या. सायकलवर पडून नव्हे, धावताना उन्हानं नव्हे, पाण्यात. त्यामुळे चाळिशी पार केलेल्या दादा-वहिनींनो, सायकलवर लाखभर रुपये घालायच्या आधी डॉक्टरांकडे जाऊन हृदय तपासून घ्या. आणि पाण्यात छातीत दुखलं तर ते घाबरल्यामुळे असेल असं ठरवून पुढे पोहत जाऊ नका, हात वर करा.

श्वास जागेवर आला तर आता दिशा लागेना. मी अगदी सरळ जाऊन राहिलेय अशी माझी खात्री, आणि मान वर करून बघते तर केशरी बोया भलत्याच बाजूला. प्रवाह दिसत नाही हो, अंगालाही कळत नाही, कारण आपण त्याच्यातच असतो. गणित करून बघा, ताशी १ किलोमीटरचा आडवा प्रवाह म्हणजे काहीच नाही, माणूस त्याच्या चौपट-पाचपट वेगाने चालतो, पण १० मिनिटांत तो तुम्हाला दीडशे मीटरच्या वर बाजूला नेऊन टाकतो. म्हणून बोयाकडे तोंड करून पोहायचं नाही, प्रवाह जिकडून येतोय त्या बाजूला थोडं जास्त धरायचं, आणि दर सात-आठ हातांनी नुसते डोळे पाण्यावर काढून बघायचं, मगरीसारखे, मान पूर्ण उचलली की पाय खाली जातात आणि ब्रेक लागतो. बोया लाटेमागे लपतो, तेव्हा किनाऱ्यावरची एखादी मोठी बिल्डिंग किंवा झाड आधीच हेरून ठेवलेलं कामी येतं. घड्याळात माझं अंतर १.९ च्या बरंच पुढे गेलं होतं, म्हणजे तेवढं मी फुकटच पोहले.

कटऑफच्या आत बाहेर आले. मानेवर ट्रायसूटची, म्हणजे रेसभर घालायच्या घट्ट कपड्याची कड मिठाने घासून लाल रेघ उठली होती (व्हॅसलिन लावा मंडळी, भरपूर लावा, लाजू नका), जीभ जाड झाली होती. सायकल बरी गेली, धावताना निम्मं चालले, पण रेस झाली.

आता नागपुरात बसून हे शिकायचं कसं? लेन मोकळी असेल तेव्हा डोळे मिटून दहा हात पोहा आणि मग उघडून बघा कुठे गेलात, बहुतेक जण दोरीला जाऊन धडकतात, आणि प्रत्येकाची वाकडं जायची बाजू ठरलेली असते, माझी उजवी. ती एकदा कळली की समुद्रात तेवढी दुरुस्ती करता येते. चार जणांनी एकाच लेनमध्ये मुद्दाम दाटीने पोहा, लाथा खायची सवय करा. आमच्या टँकवरचे काका आधी शिट्टी वाजवायचे, आता "तुमची कुस्ती चालू द्या" म्हणतात. तलावात मात्र लाईफगार्ड आणि परवानगी नसताना उतरू नका, कोणी कितीही भरीला घातलं तरी.

आणि आयुष्यातला पहिला समुद्र रेसच्या दिवशी नको. मालवणला चिवला बीचवर डिसेंबरात राज्य पातळीवरची समुद्री जलतरण स्पर्धा होते, तिथं आधी एखादं छोटं अंतर करून बघा, पोहून झाल्यावर पुढे सायकलही नसते आणि धावणंही नसतं, सरळ मासे खायला जाता येतं. जायच्या आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याची ओढ वाढते. आपल्या घरातल्या कालनिर्णयवर तिथी असतेच, लग्नाचे मुहूर्त बघता तशी एकदा त्यासाठीही नजर टाका, आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवा, डिसेंबरात गाड्या फुल्ल असतात.